आजीचं गोंदण आणि सेन्सरवरचा भंडारा

आजचा विषय ऐकायला अगदी किरकोळ आहे. धूळ. कॅमेऱ्याच्या आत शिरलेली धूळ आणि ती पुसताना पडलेले डाग. पण या धुळीला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मला कळला तो माझ्याच एका गाढवपणामुळे. तर आधी गाढवपणा सांगतो, मग इतिहास.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पौष महिना, पालची यात्रा. कराड तालुक्यातलं पाल, तारळी नदीच्या काठावरचं खंडोबाचं गाव. खंडोबा आणि म्हाळसेचं लग्न लागतं, आणि माणसं मुठी भरभरून भंडारा उधळतात. भंडारा म्हणजे हळदीची पूड. देऊळ पिवळं, नदीचा काठ पिवळा, माणसांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या. आम्ही साताऱ्याहून गेलो होतो, सोबत आजी होती. वय ऐंशीच्या पुढं. गुडघे बोलत होते, पण “एकदा मल्हारीला बघून यायचं” म्हणून हट्टाला पेटली होती. माझ्या गळ्यात नवाकोरा नव्हे, पण चांगला सेकंडहँड डीएसएलआर.

सकाळी देवळात, अंधारात, मोठ्या भोकाची लेन्स लावून फोटो काढले. मग बाहेर आलो. समोर सगळा जनसागर. म्हटलं, आता रुंद दिसणारी लेन्स पाहिजे. आणि त्या उधळणीच्या मधोमध उभा राहून मी लेन्स बदलली. कॅमेऱ्याचं तोंड वर आभाळाकडं. जेमतेम दहा सेकंद लागली असतील.

घरी येऊन लॅपटॉपवर फोटो उघडले. बाहेरच्या प्रत्येक फोटोत आभाळावर काळपट ठिपके. एक मोठा डावीकडं वर, तीन छोटे त्याच्या शेजारी, आणि बारीक तर किती तरी. म्हटलं लेन्सवर असतील. लेन्स पुसली. ठिपके तिथंच. दुसरी लेन्स लावली. तरी तिथंच. मग इंटरनेटवर वाचलं, की असं असेल तर धूळ सेन्सरवर आहे.

आता इथं शहाणा माणूस थांबतो. मी थांबलो नाही. आधी तोंडानं फुंकर मारली. त्यानं थुंकीचे दोन शिंतोडे वाढले. मग कान साफ करायची कापूसकाडी घेतली, कोविडपासून घरात पडलेलं सॅनिटायझर तिच्यावर घेतलं आणि सेन्सरवर फिरवलं. ठिपके गेले, हे खरं. त्यांच्या जागी एक पिवळट, तेलकट पट्टा आला. खिडकीच्या काचेवर लहान पोरानं तुपाचा हात पुसावा, तसा.

हा सेन्सर पुढं सांगलीला साफ झाला. पण त्याआधी मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती.

ठिपके पुसले, आणि सोबत काय गेलं

फोटो तर काढून झाले होते. म्हटलं, कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी फोटो दुरुस्त करू. एका सॉफ्टवेअरमध्ये ‘ठिपके आपोआप काढा’ अशी सोय होती. सगळे फोटो एकदम निवडले, बटण दाबलं, चहा प्यायला गेलो. परत येईपर्यंत आभाळ स्वच्छ. मी खूश. चांगले चाळीस फोटो निवडून मोबाइलवर घेतले आणि आजीला दाखवायला बसलो.

आजी एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. तारळीच्या काठावर तिचा एकटीचा फोटो आला. कपाळभर भंडारा, डोक्यावर पदर, मागं सगळी गर्दी. माझ्या मते त्या दिवसाचा सगळ्यात चांगला फोटो. आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आरं, माझं गोंदण कुठं गेलं?”

आजीच्या हनुवटीवर गोंदणाचा एक हिरवट काळा ठिपका होता. लग्नाआधी गोंदून घेतलेला. फोटोत हनुवटी कोरी होती. सॉफ्टवेअरनं तो ठिपका धूळ समजून पुसला होता, आणि तिथं आजूबाजूची कातडी सफाईनं चिकटवली होती. पुढं पाहिलं तर अशा तीन फोटोंत गोंदण गेलं होतं.

तुमच्या घरात म्हातारी माणसं असतील तर तुम्ही हे ऐकलं असेल. सोनंनाणं इथंच राहतं, पण गोंदण माणसाबरोबर वर जातं, असं जुन्या बायका मानायच्या. आजी रागावली नाही. पण तिनं मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, “ही मी न्हवं.” मला काही सुचेना. मूळ फाइल माझ्याकडं होती, त्यामुळं फोटो परत मिळाला असता. पण मला कळलं, की धूळ कुठली आणि माणूस कुठला, हे मला स्वतःला ओळखता येत नाहीये. ते काम मी यंत्रावर सोडून दिलं होतं.

मग वडील म्हणाले, सांगलीला जा. त्यांचे एक जुने स्नेही तिथं गावभागात फोटो स्टुडिओ चालवायचे. मी त्यांना काका म्हणतो. फिल्मच्या काळापासून कॅमेरे उघडून साफ करणारा माणूस. दुसऱ्या रविवारी कॅमेरा पिशवीत टाकला आणि एसटी धरली.

काचेवरच्या धुळीचा काळ

काकांनी कॅमेऱ्याची लेन्स काढली, छोटी टॉर्च आत मारली आणि हसायला लागले. “हळद? अरे, सांगलीत हळद घेऊन यायचं धाडस केलंस!” त्यांचं बरोबर होतं. सांगली म्हणजे हळदीची पेठ. जवळच्या हरिपूरला जमिनीत पेवं खणून त्यात हळद साठवायची पद्धत होती, आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. मग त्यांनी विचारलं, “कशानं पुसलंस?” मी सांगितलं. हसणं थांबलं.

“हळदीचा रंग पाण्यात फारसा सुटत नाही, पण स्पिरिटमध्ये लगेच सुटतो,” ते म्हणाले. “तू कोरडी पूड आधी झटकली नाहीस, वरून अल्कोहोल घातलंस. म्हणजे तू तिथं रंग कालवलास. आणि सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं. अल्कोहोल उडून गेलं, ग्लिसरीन राहिलं.” मी नंतर तपासलं. जागतिक आरोग्य संघटनेनं सॅनिटायझरची जी कृती दिली आहे, तिच्यात खरोखरच १.४५ टक्के ग्लिसरॉल आहे. हाताला चांगलं, सेन्सरला वाईट.

त्या दिवशी साफसफाई चालू असताना काकांनी मला जे सांगितलं आणि मी नंतर वाचून ज्यात भर घातली, तो हा इतिहास.

१८५१ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानं ओल्या काचेची पद्धत जाहीर केली. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरायचं, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. दहा-पंधरा मिनिटांत सगळं उरकायचं, नाहीतर काच सुकून वाया. म्हणजे फोटोग्राफरबरोबर अंधारा तंबू, बाटल्या, पाणी, सगळा संसार हिंडायचा. आता विचार करा, उघड्या माळावर एक चिकट ओली काच. धुळीला याहून चांगलं आमंत्रण कुठलं?

ही विद्या आपल्याकडं फार लवकर आली. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव तुम्ही मुंबईच्या संग्रहालयामुळं ऐकलं असेल. त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी त्या सोसायटीच्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. म्हणजे १८५७ चं बंड व्हायच्या आधी मराठी माणूस कॅमेऱ्यामागं उभा होता, आणि धुळीशी झगडत होता.

इथं एक बारकी गोष्ट समजून घ्या, पुढं उपयोगी पडेल. फोटो घेताना काचेवर कण असेल तर त्याच्याखाली प्रकाश पोचत नाही. निगेटिव्हवर तिथं पारदर्शक टाचणीचं भोक राहतं, आणि छापल्यावर ते काळा ठिपका होतं. पण कण छापताना निगेटिव्हवर बसला असेल, तर उलट पांढरा ठिपका येतो. म्हणून जुना कारागीर ठिपक्याचा रंग बघूनच सांगायचा, की धूळ कॅमेऱ्यात शिरली का डार्करूममध्ये.

त्यावर उपाय म्हणजे ब्रश. भोकावर अपारदर्शक रंगाचा थेंब लावायचा. मग छापात तिथं काळ्याऐवजी पांढरा ठिपका येणार. तो दोन-तीन केसांच्या ब्रशनं, करडी शाई लावून बुजवायचा. याला धंद्यात ‘स्पॉटिंग’ म्हणायचे. काकांनी हे काम उमेदीच्या काळात केलंय. ते म्हणाले, “ब्रश हातात आला की मोह व्हायचाच. लोकच सांगायचे, देवीचे व्रण घालवा, तीळ घालवा, मुलगी बघायला फोटो पाठवायचाय. आम्ही घालवायचो. पण विचारून.”

‘पण विचारून’ हे दोन शब्द मला तिथं बसल्या बसल्या टोचले.

‘गेट’मधला केस

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यानं जिलेटिनच्या कोरड्या काचेचा मार्ग दाखवला. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमननं कोडॅक कॅमेरा आणला, आणि काचेऐवजी गुंडाळी आली. आता धुळीचा त्रास कमी झाला, आणि त्याचं कारण साधं होतं. प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा तुकडा पुढं यायचा. एका तुकड्यावर कण बसला तर तो फोटो बिघडेल, पुढचा नाही. कॅमेऱ्याला दर फोटोला नवा डोळा फुटायचा म्हणा ना. पुढं १९६० मध्ये उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी निघाली, आणि तिच्या ‘इंदू’ फिल्मवर देशातल्या किती तरी स्टुडिओंनी कृष्णधवल फोटो काढले. काकाही त्यातलेच.

पण एक जागा अशी होती जिथं धूळ एका फोटोपुरती थांबत नव्हती. सिनेमाचा कॅमेरा. त्यात फिल्म जिथं क्षणभर थांबून प्रकाश घेते, त्या चौकटीला ‘गेट’ म्हणतात. तिथं फिल्मचा बारीक कपचा किंवा केस अडकला की तो सरकत नाही. फिल्म पुढं जाते, केस तिथंच. मग पडद्यावर सगळ्या शॉटभर कोपऱ्यात एक काळी अळी वळवळताना दिसते. म्हणून फिल्मवर शूटिंग चालायचं तेव्हा चांगला शॉट झाला की लेन्स काढून आत टॉर्च मारायची रीत होती. गेट स्वच्छ आहे असं कळलं की मगच पुढचा शॉट.

सांगलीच्या शेजारी कोल्हापूर आहे, आणि तिथली एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आणला तो परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्यावर. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबुराव पेंटर या भावांनी ठरवलं, आपण कॅमेरा आपल्या हातानं घडवायचा. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबुरावांनी काम सोडलं नाही, दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. ज्या माणसानं कॅमेऱ्याचा एकेक भाग घासून बसवला असेल, त्याला त्याच्या आतल्या धुळीचं मोल वेगळं सांगावं लागत नसणार.

आता हा गेटमधला केस लक्षात ठेवा. माझ्या सेन्सरवरच्या भंडाऱ्याचा खरा पूर्वज तो आहे.

एकच डोळा, दहा वर्षं

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी नावाची चकती शोधली. तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर होतं. या शोधाला २००९ मध्ये नोबेल मिळालं. १९७५ मध्ये कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं तशी चकती वापरून पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन ३.६ किलो, चित्रात फक्त १० हजार बिंदू, आणि एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद. तुमच्या खिशातल्या फोनचा हा पणजोबा.

१९९१ मध्ये कोडॅकनं निकॉनच्या फिल्म कॅमेऱ्याला डिजिटल पाठ बसवून तो व्यावसायिकांना विकायला काढला. १९९९ मध्ये निकॉनचा डी१ आला. २००३ मध्ये कॅननचा ३००डी अमेरिकेत हजार डॉलरच्या आत मिळायला लागला, आणि लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा हौशी माणसाच्या हातात आला. आणि तिथं धूळ परत आली.

कारण आता फिल्म पुढं सरकत नाही. सेन्सर एकच, पहिल्या फोटोला तोच, पन्नास हजाराव्या फोटोला तोच. आज शिरलेला कण आजच्या फोटोत आहे, उद्याच्या आहे, पुढच्या वर्षी बहिणीच्या लग्नातही आहे. काका म्हणाले, “आमच्या वेळी धूळ फोटोवर असायची. तुमच्या वेळी ती नजरेत आहे.”

हे कंपन्यांच्याही लगेच लक्षात आलं. २००३ मध्येच ऑलिम्पसनं ई-१ कॅमेऱ्यात सेन्सरपुढं एक पारदर्शक पडदा बसवला. कॅमेरा चालू केला की तो सेकंदाला हजारो वेळा थरथरतो, धूळ झटकतो, आणि खाली चिकट पट्टीवर ती अडकते. आपण ओलं छत्र झटकतो, तसंच. २००६ मध्ये कॅननच्या ४००डीमध्ये अशी सोय आली, मग ती सगळीकडं पसरली. पण कोरडा कण झटकला जातो, चिकटलेला नाही.

आणि धूळ नेहमी बाहेरूनच येते असंही नाही. निकॉनचा डी६०० हा २०१२ मध्ये आलेला कॅमेरा याच कारणानं गाजला. फोटोंत बारीक काळे ठिपके येतात अशा तक्रारी वाढल्या. २०१३ च्या फेब्रुवारीत कंपनीनं त्याची जाहीर दखल घेतली, ऑक्टोबरमध्ये नव्या शटरचा डी६१० आणला, आणि २०१४ मध्ये वॉरंटी संपलेले डी६००सुद्धा फुकट दुरुस्त करून देऊ असं सांगितलं. एवढ्या मोठ्या कारखान्याला ठिपक्यांनी घाम फोडला, तिथं माझी काय कथा!

ठिपका कधी दिसतो, कधी लपतो

मला एक कोडं सुटत नव्हतं. लेन्स बदलल्यावर परत देवळात गेलो होतो, तिथल्या फोटोंत ठिपके नव्हते. बाहेरच्यांत होते. असं का?

काकांनी ट्यूबलाइटखाली हात धरला. टेबलावर हाताची पुसट, पसरलेली सावली. मग ट्यूब बंद करून मोबाइलची टॉर्च लावली. सावली काळीकुट्ट, बोटं मोजून घ्या. “प्रकाश मोठ्या जागेतून आला की सावली पसरते. बारक्या भोकातून आला की धारदार होते.”

धूळ खरं तर सेन्सरच्या बिंदूंवर बसतच नाही. त्यांच्यापुढं काचेसारख्या फिल्टरचा थर असतो, धूळ त्याच्यावर बसते. हे अंतर ढोबळमानानं एक मिलिमीटर धरा. लेन्सचं भोक एफ २२ वर ठेवलं, म्हणजे अगदी बारीक केलं, तर कणाची सावली मिलिमीटरच्या बाविसाव्या भागाइतकीच पसरते. एफ २.८ वर, म्हणजे भोक मोठं असताना, ती जवळजवळ आठपट पसरते. ०.०५ मिलिमीटरचा कण असेल तर तिथं एखाद-दोन टक्केच प्रकाश कमी होतो, डोळ्याला दिसतही नाही. देवळातल्या अंधारात मी एफ २.८ वर होतो, बाहेरच्या उन्हात एफ १६ वर. भंडारा दोन्हीकडं होता. एका ठिकाणी लपला होता, इतकंच.

म्हणून तपासायची पद्धत अशी. एफ २२ लावा, फोकस बिघडवा, आणि स्वच्छ आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. जे दिसेल ती धूळ. आणि जागा ओळखायची खूण: सेन्सरवर चित्र उलटं पडतं. फोटोत ठिपका वर डावीकडं असेल, तर समोरून सेन्सरकडं बघताना तो खाली डावीकडं शोधा.

साफसफाई

काकांनी पंखा बंद केला, खिडकी लावली, फरशीवर ओलं फडकं फिरवलं. बॅटरी पूर्ण भरलेली घातली. बॅटरी मध्येच संपली तर आरसा आणि शटर धाडकन खाली येतं आणि काम करणाऱ्या काडीवर आपटतं. मेनूतून सेन्सर साफ करायचा पर्याय निवडला, आरसा वर गेला.

मग कॅमेरा तोंड खाली करून धरला आणि रबरी फुग्याच्या ब्लोअरनं आठ-दहा वेळा हवा मारली. नळी आत घालायची नाही. तोंडानं फुंकायचं नाही. डब्यातली दाबलेली हवा तर नाहीच, तिच्यातलं द्रव उडालं की नवा डाग. “निम्म्याहून जास्त वेळा काम इथंच संपतं,” काका म्हणाले. “तू पहिल्याच पायरीवर थांबला असतास तर सांगलीचं तिकीट वाचलं असतं.”

माझं इथं संपणार नव्हतं. मग ओली सफाई. सेन्सरच्या रुंदीची सपाट काडी मिळते, पाकीटबंद. छोट्या सेन्सरला १६ मिलिमीटर, फूल फ्रेमला २४. तिच्या टोकावर सेन्सरसाठीच बनवलेल्या द्रावणाचे दोनच थेंब. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हलक्या हातानं, एकदाच. काडी उलटी करून परत एकदा. की कचऱ्यात. तीच काडी पुन्हा फिरवायची नाही, कारण पुसून काढलेलं ती परत लावते. द्रव जास्त झालं की सुकताना कडेला ओघळाचा पट्टा राहतो. तो दिसला तर दाबून घासायचं नाही, नव्या काडीवर कमी द्रव घेऊन पुन्हा एकदा.

माझ्या हळद-ग्लिसरीनला चार काड्या लागल्या. पहिली काडी पिवळी झाली. दुसरी फिकट. तिसऱ्यानंतर फोटोत फक्त उजव्या कडेला एक पुसट रेघ. चौथीनंतर एफ २२ वर आभाळ स्वच्छ. काकांनी पैसे घेतले नाहीत, काड्यांचे तेवढे मागितले.

धूळ कुठली, माणूस कुठला

निघताना मी गोंदणाची गोष्ट सांगितली. काकांनी आजीचा मूळ फोटो मागितला, आणि शेजारी त्याच वेळचा दुसरा फोटो उघडला. “बघ. धूळ चौकटीत जागा सोडत नाही. या फोटोत वर डावीकडं, त्याही फोटोत वर डावीकडं. आणि हनुवटीचा ठिपका आजीबरोबर हललाय. जे चौकटीशी बांधलेलं ते काढ. जे माणसाबरोबर हलतं त्याला हात लावू नको.”

एवढं साधं. आणि यावर खरोखर शास्त्र उभं आहे. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय असते, की आधी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो घ्यायचा, त्यावरून धुळीचा नकाशा तयार होतो, आणि मग फक्त त्याच जागा दुरुस्त होतात. २००८ मध्ये तर संशोधकांनी दाखवून दिलं, की सेन्सरवरच्या धुळीच्या या ठेवणीवरून एखादा फोटो नेमक्या कुठल्या कॅमेऱ्यानं काढला हे ओळखता येतं. बोटांच्या ठशांसारखं. म्हणजे धूळ हीसुद्धा एक साक्ष आहे. ती पुसायची तर कॅमेऱ्यातून पुसा. फोटोतून पुसताना आपण तिथं काय होतं याचा अंदाज करत असतो, आणि अंदाज चुकतो.

काकांच्या कपाटात वरच्या फळीवर निगेटिव्हचा एक पत्र्याचा डबा होता. त्यांच्याकडं उरलेला तेवढाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. खालच्या फळ्यांवरचे डबे चिखलात गेले. वाचलेल्या काही निगेटिव्हवर अजून पुराच्या गाळाचे ठिपके आहेत. ते पाण्यात भिजवून, मऊ ब्रशनं, एकेक करून ते साफ करतात. जिथं गाळानं चित्रच खाल्लंय तिथं ते काही भरत नाहीत. “तिथं कोण होतं मला आठवत नाही,” म्हणाले. “मग मी काय काढू?”

मी घरी आलो आणि मूळ फाइल उघडली. आभाळातले ठिपके हातानं, एकेक करून काढले. वेळ लागला, पण आभाळच ते, तिथं माझा अंदाज चुकला तरी कुणाचं काही जात नव्हतं. चेहऱ्याला हात लावला नाही. आजीच्या पदरावर एक सेन्सरचा ठिपका येत होता, तोही तसाच ठेवला. फोटो छापून आणला. आजीनं बघितला, हनुवटीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हां. आता हाय.”

मागच्या पावसाळ्यात आजी गेली. भिंतीवर तोच फोटो आहे.

आता तुमच्यासाठी. तुम्ही म्हणाल, आमच्याकडं फक्त मोबाइल आहे. बरोबर आहे, आणि मोबाइलचा कॅमेरा बंदिस्त असतो, त्याच्या सेन्सरपर्यंत धूळ सहसा पोचत नाही. पण बाहेरच्या काचेवर तुमच्या बोटाचं तेल रोज बसतं. रात्री रस्त्यावरच्या दिव्यांभोवती फोटोत पिसारा फुललेला दिसतो ना, तो बहुतेक वेळा तेच तेल असतं. चष्म्याच्या मऊ फडक्यानं पुसा, शर्टाच्या टोकानं नको. स्क्रीन बदलायला फोन उघडला असेल, तर परत घेताना पांढऱ्या भिंतीचा एक फोटो तिथंच काढून बघा. आणि ‘चेहरा सुंदर करा’वालं बटण बंद आहे का, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायच्या आधी एकदा तपासा. तीळ, व्रण, गोंदण, सगळं ते न विचारता पुसतं.

मूळ फाइल ठेवा. दुरुस्त केलेली वेगळी ठेवा.

आजचा भाग इथंच थांबवतो. येत्या पौषात पालला जाणार असाल तर कॅमेरा जरूर न्या. फक्त लेन्स गाडीत बसूनच बदला. भेटू पुढच्या भागात. यळकोट यळकोट जय मल्हार!